शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि नवपदवीधर वैद्य

आयुर्वेदाच्या पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे आंतरवासितेचे एक वर्ष. या साडेपाच वर्षांच्या अखेरीस आज अनेक विद्यार्थ्यांच्या हाती दोन कागद पडतात. एक विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र, दुसरा बँकेचे परतफेडीचे वेळापत्रक. पहिल्या कागदाविषयी आपल्या नियतकालिकांतून, परिसंवादांतून, संमेलनांतून पुष्कळ चर्चा होते. अभ्यासक्रम कसा असावा, संहितांचे अध्यापन मूळ संस्कृतातून व्हावे की न व्हावे, प्रत्यक्ष रुग्णानुभव पुरेसा मिळतो की नाही, यांवर आपण हिरिरीने वाद घालतो. दुसऱ्या कागदाविषयी मात्र सार्वत्रिक मौन आढळते. कर्ज ही ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट, तीत चारचौघांनी पडू नये, असा आपला संकोच असावा.

प्रस्तुत लेखकास हा संकोच अनाठायी वाटतो. घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु फेडीची जी रीत आज रूढ आहे ती महिन्याच्या एक तारखेस वेतन घेणाऱ्यासाठी बेतलेली आहे, आणि वैद्याचा व्यवसाय तसा चालत नाही. या विसंगतीमुळे तरुण वैद्य कोठे बसणार, कोणाकडे नोकरी धरणार आणि अखेरीस कोणती चिकित्सा करणार, हे त्याच्या गुरूने वा आवडीने ठरण्याऐवजी मासिक हप्त्याने ठरू लागले आहे. म्हणून हा विषय आपल्या व्यासपीठावर येणे अगत्याचे आहे.

शिक्षणासाठी दुसऱ्याचे द्रव्य घेणे आणि त्याची परतफेड करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन असा करार त्यांनी केला होता. १९१७ साली ते त्याप्रमाणे बडोद्यास रुजूही झाले. परंतु अस्पृश्यतेच्या जाचामुळे तेथे त्यांना राहावयास जागासुद्धा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. पुढे १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते निघाले तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. म्हणजे सेवेने फेडावयाचे ऋण आणि रुपयांनी फेडावयाचे ऋण, हे दोन्ही प्रकार एकाच विद्यार्थ्याच्या आयुष्यात आपल्याला दिसतात. तिसरा मार्ग कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखविला तो ‘कमवा व शिका’ हा. परंतु सकाळपासून सायंकाळपर्यंत व्याख्याने, शवविच्छेदन आणि रुग्णालय यांत गुंतलेल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो मार्ग फारसा मोकळा नसतो.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली. हुशार परंतु गरीब विद्यार्थ्यास बिनव्याजी कर्ज द्यावयाचे, नोकरी लागल्यावर त्याने ते हप्त्यांनी फेडावयाचे, अशी ती योजना होती. तिच्यातील एक तरतूद आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कर्जदार शिक्षकी पेशात गेला तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. योजनेची वसुली मात्र अत्यंत निराशाजनक झाली. पैसे दिले शासनाने, वसूल करावयाचे राज्यांच्या शिक्षण खात्यांनी, आणि विद्यार्थ्याचा बदललेला पत्ता कोणापाशीच नाही, असा तो कारभार होता. १९९१ मध्ये ती योजना बंद झाली. त्यानंतर दशकभर गरीब घरच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीखेरीज सरकारी असा मोठा आधार उरला नाही. दरम्यान विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची संख्या वाढतच गेली.

आज आपण ज्यास ‘शैक्षणिक कर्ज’ म्हणतो ते २००१ पासूनचे. भारतीय बँक संघाने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने ती बँकांकडे पाठविली. कर्ज बँकेचे, नियमांची चौकट शासनाच्या संमतीची आणि व्याजाचा काही भार शासनाचा, असे हे संमिश्र रूप आहे. चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही, मात्र आईवडिलांपैकी एकाने सहकर्जदार म्हणून सही करावयाची असते. शिक्षणाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो. बँकेच्या भाषेत हा ‘मोरेटोरियम’. या काळात सरळव्याजाने आकारणी होते आणि ते व्याज मुदलात मिळवून हप्ता ठरतो. प्रारंभी परतफेडीची मुदत पाच ते सात वर्षे होती. ती वाढत जाऊन २०१५ च्या सुधारित योजनेत पंधरा वर्षांपर्यंत नेण्यात आली. २००९-१० पासून, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्याच्या मोरेटोरियममधील व्याजाचा भार केंद्र शासन उचलते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेल्या निवडक संस्थांपुरतीच असल्याने आपल्याकडील बहुसंख्य आयुर्वेद विद्यार्थ्यांस ती लागू पडणारी नाही.

आता हा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहू, कारण कर्ज काढताना तो मांडला जात नाही असा अनुभव आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने शुल्कासाठी दरवर्षी ८०,००० याप्रमाणे पाच वेळा मिळून ४ लाख रुपये उचलले आणि व्याजाचा दर सोयीसाठी दसादशे १० धरला. पहिल्या रकमेवर साडेसहा वर्षांचे व्याज ५२,००० होते, दुसरीवर ४४,०००, तिसरीवर ३६,०००, चौथीवर २८,००० आणि पाचवीवर २०,०००. बेरीज १ लाख ८० हजार. म्हणजे पहिला हप्ता देण्यापूर्वीच ४ लाखांचे ५ लाख ८० हजार झाले. दहा वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता सुमारे ७,६६५ रुपये, पंधरा वर्षांची घेतल्यास सुमारे ६,२३३ रुपये. दुसरा आकडा हलका वाटतो खरा, परंतु दहा वर्षांत एकूण ९ लाख २० हजारांच्या आसपास भरावे लागतात, तर पंधरा वर्षांत ११ लाख २२ हजारांच्या आसपास. शिक्षण चालू असतानाच व्याज भरीत गेले असते, तर पहिल्या वर्षी महिन्याला ६६७ रुपये आणि पाचव्या वर्षी ३,३३३ रुपये भरावे लागले असते, आणि दहा वर्षांचा हप्ता ५,२८६ वर थांबला असता. असे व्याज वेळेवर भरणाऱ्यास दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूदही मूळ योजनेत आहे. व्याजसवलतीस पात्र कुटुंबाच्या बाबतीत तर हे १ लाख ८० हजार शासनच भरते. परंतु त्यासाठी कर्ज आदर्श योजनेखालील आणि शेड्यूल्ड बँकेचे असावे लागते, उत्पन्नाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला बँकेत पोचावा लागतो, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तर शिक्षणाला, मिळते.

या अटी सोलापूर जिल्ह्यातील कुटुंबास कशा लागू पडतात ते पाहिले म्हणजे प्रश्नाची खोली कळते. आपल्या महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी कोणाच्या घरचे आहेत? शहरातील पूर्वभागात आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर चादरी-टॉवेल काढतात. जुन्या गिरण्यांचा भोंगा बंद झाल्यापासून या घरांत कायम नोकरीचे वेतन येणे थांबले आहे. मंगळवेढा, सांगोला, करमाळा या भागांतील घर पावसावर, डाळिंबावर, ज्वारीवर चालते. पंढरपूर, माळशिरस, माढ्याकडील घर उसावर चालते आणि तेथे रोख पैसा येतो तो कारखाना बिल काढील तेव्हा. यांपैकी एकाही घरात दरमहा ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम शिल्लक पडत नाही. प्रवेशाच्या वेळी बँकेत खेटे घालण्यास सवड नसते, शुल्क भरण्याची शेवटची तारीख डोक्यावर असते. मग अनेकजण गावच्या पतसंस्थेकडून, सोने गहाण ठेवून किंवा पाव्हण्यारावळ्यांकडून रक्कम उभी करतात. असे कर्ज आदर्श योजनेत बसत नाही, त्यावर व्याजसवलत नाही, मोरेटोरियम नाही, आणि जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची जी वजावट आठ वर्षे मिळते तीही पतसंस्थेच्या वा नातेवाइकांच्या कर्जास मिळत नाही. (ही वजावट तरी नवपदवीधराच्या काय कामाची, हा प्रश्नच आहे. पहिली काही वर्षे त्याचे उत्पन्न करपात्रच नसते आणि आठ वर्षांचे घड्याळ मात्र चालू झालेले असते.)

त्याहून गंभीर गोष्ट सहकर्जदाराची. मुलाच्या कर्जावर सही करताना शेतकरी वडिलांना आपण केवळ साक्षीदार आहोत असे वाटते. प्रत्यक्षात ते कर्ज त्यांचेही असते. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादित ठरते आणि त्याची नोंद मुलाच्या व वडिलांच्या, दोघांच्याही पतइतिहासात होते. पुढील हंगामात पीककर्जासाठी वडील बँकेत गेले की संगणकावर ती नोंद दिसते. मुलगा पुण्यात एखाद्या रुग्णालयात रात्रपाळी करीत असतो, त्याने दोन-तीन हप्ते चुकविल्याचे घरी सांगितलेले नसते, आणि वडिलांना खरिपाच्या तोंडावर कर्ज नाकारले जाते. अशी उदाहरणे प्रस्तुत लेखकाच्या परिचयात आहेत. घरात त्यावरून होणारे वाद पैशापुरते राहत नाहीत. ‘डॉक्टर केला आणि शेत अडकले’ हे वाक्य ज्याने बापाच्या तोंडून ऐकले आहे, त्याला या विषयाची निकड वेगळी सांगावयास नको.

वैद्यकी व्यवसाय जमण्यास लागणारा काळ हा या प्रश्नाचा गाभा आहे. नव्या वैद्याने गावात दवाखाना थाटला की पहिले वर्ष ओळखीत जाते. दुसऱ्या वर्षी एखाद्या जीर्ण संधिवाताच्या वा अम्लपित्ताच्या रुग्णास गुण येतो आणि त्याच्या सांगण्यावरून आणखी चार येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरभाडे, औषधे आणि मदतनिसाचे मानधन जाऊन काही उरू लागते. त्यातही ग्रामीण भागात निम्मी वही उधारीची. रुग्ण पैसे बुडवितो असे नव्हे. तो सुगी झाली की देतो, कारखान्याचे बिल आले की देतो, कधी पैशाऐवजी ज्वारीचे पोते आणून टाकतो. त्या वैद्याने कोणाच्याही मागे लागावयाचे नाही आणि बँकेने मात्र दर पाच तारखेस त्याच्या मागे लागावयाचे, अशी ही परिस्थिती आहे. मात्रा आणि काल यांचा विचार न करता दिलेले औषध कितीही गुणकारी असले तरी अपाय करते, हे आपण रुग्णास सांगतो. मंदाग्नी असलेल्यास पहिल्या दिवशी गुरू आहार कोणी देत नाही. पेयेपासून आरंभ करून संसर्जनक्रमाने त्याला पूर्ण आहारावर आणले जाते. परतफेडीचा समान मासिक हप्ता याच्या नेमका उलट आहे. पहिल्या महिन्यात, व्यवसायाचा अग्नी पेटलेलाही नसताना जेवढा, तेवढाच दहाव्या वर्षी, व्यवसाय बहरात असताना.

याचा परिणाम काय होतो? ७,६६५ रुपयांचा हप्ता दारात उभा असताना पंचकर्म शिकण्यासाठी ज्येष्ठ वैद्यांकडे अल्प मानधनावर दोन वर्षे राहण्याचे धाडस कोण करील? म्हणून पदवीधर मुंबई-पुण्यातील रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी धरतो. तेथे तो आधुनिक औषधांच्या मात्रा शिकतो, अतिदक्षता विभाग सांभाळतो, चार वर्षांत तेथे उपयोगी पडणारे कौशल्य मिळवितो. आणि या चार वर्षांत चरक-वाग्भट कपाटात राहतात. काही जण परत येतात, पुष्कळ जण येत नाहीत. दुसरा वर्ग गावातच बसतो, परंतु हप्ता भागविण्यासाठी सूचिवेध आणि सलाइनवर दवाखाना चालवितो, कारण त्याचे पैसे त्याच दिवशी मिळतात, काढ्याचे मिळत नाहीत. तिसरा मार्ग शहरांत दिसतो. भांडवलासाठी मुद्रा योजनेतून दुसरे कर्ज काढावयाचे, पंचकर्माचे सजविलेले केंद्र उघडावयाचे आणि दोन्ही हप्ते निघावेत म्हणून ज्याला स्नेहन-स्वेदनही पुरे झाले असते त्याला एकवीस दिवसांचे ‘पॅकेज’ सांगावयाचे. चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात धनाची इच्छा ही प्राणाच्या इच्छेखालोखाल मानली आहे. वैद्याने धन मिळवू नये असे शास्त्र म्हणत नाही. मात्र चिकित्सेची विक्री मांडणाऱ्याची त्यांनी निर्भर्त्सनाही केली आहे. या तरुणांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्यापैकी अनेकांना ती विक्री लोभाने नव्हे, हप्त्याने मांडावयास लावली आहे.

मग शैक्षणिक कर्जे माफ करावीत काय? शेतीची कर्जमाफी २००८ मध्ये देशभर झाली, महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ मध्ये पुन्हा झाली, तर विद्यार्थ्यांची का नको, असा युक्तिवाद ऐकू येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका प्रमुख राष्ट्रीय पक्षाच्या जाहीरनाम्यात तसे आश्वासनही होते. अमेरिकेत तर अध्यक्षांनी जाहीर केलेली विद्यार्थी-कर्जमाफी तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द ठरविली आणि लाखो लोकांची आशा मावळली. प्रस्तुत लेखकाचे मत माफीच्या विरुद्ध आहे. शेतकऱ्याचे पीक निसर्ग नेतो. पदवी कोणी नेत नाही, ती जन्मभर मिळवून देते. शिवाय माफीची नुसती चर्चा सुरू झाली की भरू शकणाराही हप्ता थांबवितो, शाखेतील थकबाकी वाढते, आणि पुढल्या वर्षी त्याच शाखेत अर्ज घेऊन येणाऱ्या विडी कामगाराच्या मुलीस व्यवस्थापक ‘कोटा संपला’ असे सांगून परत पाठवितो. विनातारण कर्जाची सारी इमारत मागच्या विद्यार्थ्याने फेडले या एका विश्वासावर उभी आहे. १९६३ ची योजना वसुलीअभावीच खिळखिळी झाली, हे विसरून चालणार नाही.

माफी नको, परंतु हप्त्याचा आकार आणि काळ बदलण्यास कोणाची हरकत असावी? ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी पद्धत आणली की पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेल्यावरच परतफेड सुरू व्हावी आणि ती प्राप्तिकराबरोबर वसूल व्हावी. उत्पन्न नाही त्या वर्षी हप्ता नाही. आपल्याकडे हे जसेच्या तसे आणता येणार नाही. ज्या व्यवसायात निम्मे उत्पन्न रोखीत आणि नोंदीबाहेर असते तेथे उत्पन्न सिद्ध कोण करणार, हा आक्षेप आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. परंतु चढता हप्ता देण्यास उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. पहिली तीन वर्षे केवळ व्याजाइतका हप्ता आणि पुढे दर दोन वर्षांनी वाढ, एवढे केले तरी वैद्याच्या व्यवसायाच्या गतीशी ते पुष्कळ जुळते. एकूण व्याज थोडे अधिक जाईल. ते देण्यास कोणी तरुण वैद्य नकार देईल असे वाटत नाही.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावयास हवी, कारण ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. २०१५ च्या सुधारित आदर्श योजनेत, कर्जाच्या मुदतीत बेकारी अथवा अपुऱ्या कामाचे काळ येतात हे गृहीत धरून दोन-तीन वेळा हप्तास्थगिती देण्याची मुभा बँकांना आहे. स्वतःचा व्यवसाय उभारणाऱ्यास त्या उभारणीच्या काळासाठी स्थगिती देण्याचाही विचार तीत आहे. पुढील शिक्षण चालू असेल तर मोरेटोरियम वाढवून मागता येतो, एम.डी.च्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. हे सारे बँकेच्या विवेकाधीन आहे, हक्क म्हणून मिळणारे नाही, आणि मागितल्याखेरीज तर मुळीच मिळत नाही. आपला तरुण वैद्य मात्र मागत नाही. तो शाखेत जाण्याचे टाळतो, दूरध्वनी उचलत नाही, तीन हप्ते थकेपर्यंत गप्प राहतो, आणि खाते अनुत्पादित झाल्यावर घाबरून जातो. तोवर व्यवस्थापकाच्या हाती फारसे काही राहिलेले नसते. व्याधी संचयावस्थेत असतानाच उपाय करावा, भेदावस्थेची वाट पाहू नये, हे ज्याला षट्क्रियाकाल शिकताना पाठ होते तोच स्वतःच्या खात्याविषयी मात्र ते विसरतो.

शासनाकडे मागणी करावयाची तर ती सेवेच्या मोबदल्यात परतफेडीची करावी. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले आणि महाराष्ट्रात त्या पदांवर बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने गेले. केंद्राच्या तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत त्यांचे मासिक मानधन ४०,००० रुपये, त्यातील २५,००० निश्चित आणि १५,००० कामगिरीवर अवलंबून, असे धरलेले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची शाळा-अंगणवाडी तपासणी पथके आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका यांचा भारही मुख्यत्वे आपल्याच पदवीधरांवर आहे. ही कामे कंत्राटी आहेत, बहुधा आडगावी आहेत आणि तेथे टिकून राहणारा दुर्मीळ आहे. अशा सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे शैक्षणिक कर्जाच्या मुदलाचा दहावा भाग शासनाने बँकेत भरावा. तत्त्व नवे नाही, १९६३ च्या योजनेत शिक्षकांसाठी ते होतेच. वसुलीचा जुना दोषही येथे उद्भवत नाही, कारण रक्कम शासनाकडून बँकेस थेट जाईल. यात माफीची भीक नाही आणि करमाळ्याच्या वा अक्कलकोटच्या टोकाच्या उपकेंद्रास वैद्य मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्यापूर्वी शिकून बाहेर पडलेल्या मुलींची कर्जे तशीच आहेत, आणि सेवेच्या मार्गाचा सर्वाधिक लाभ कदाचित त्यांनाच होईल.

शासनाकडे बोट दाखवून झाल्यावर आपल्याकडेही पाहावे लागेल. ज्येष्ठ वैद्यांच्या दवाखान्यांत आणि पंचकर्म केंद्रांत नवपदवीधर मदतनीस म्हणून काम करतात. त्यांना मिळणारे मानधन अनेक ठिकाणी वरच्या हिशेबातील एका हप्त्याइतकेच असते, काही ठिकाणी तेवढेही नसते. ‘शिकावयास मिळते ना, मग मानधन कशाला?’ असा त्यामागे विचार असतो. गुरुगृही शिष्य सेवा करी हे खरे. पण तेव्हा त्याच्या अन्नवस्त्राचा भार गुरूवर असे आणि शिष्याच्या नावे बँकेत खाते नसे. परंपरेतील सेवा तेवढी घ्यावयाची आणि पोषण मात्र विसरावयाचे, हे परंपरेला धरून नाही. आपल्या जिल्ह्यातील ज्या वैद्यांचा व्यवसाय उत्तम चालतो त्यांनी सहायकास किमान त्याचा हप्ता आणि राहण्या-जेवणाचा खर्च निघेल एवढे द्यावे, असा संकेत संघटनेने ठरवून जाहीर करावा. कायद्याने हे घडणार नाही, आपसांतील लाजेने घडू शकेल.

संघटनेच्या आवाक्यातील आणखी एक काम अगदीच कमी खर्चाचे आहे. दरवर्षी आंतरवासिता संपावयाच्या सुमारास महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आणि शक्य तर त्यांच्या पालकांनाही एक दिवस बोलवावे. बँक ऑफ इंडिया ही आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक आहे. तिच्या व अन्य बँकांच्या अधिकाऱ्यांस पाचारण करावे. प्रत्येकाने आपला कर्जमंजुरीचा कागद सोबत आणावा. मोरेटोरियम कोणत्या तारखेस संपतो, आंतरवासितेचे वर्ष बँकेने शिक्षणकाळात धरले आहे की नाही, व्याजसवलतीची रक्कम खात्यात जमा झाली आहे की नाही, हप्ता किती आणि मुदत किती, हे चार-पाच मुद्दे जागच्या जागी तपासले जावेत. चढत्या हप्त्यासाठी आणि स्थगितीसाठी करावयाच्या अर्जाचा मराठी नमुना संघटनेने छापून ठेवावा. अर्ज पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वी द्यावा, त्याची पोच घ्यावी, शाखेने नाकारल्यास कारण लेखी मागावे आणि ते घेऊन बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे जावे. पन्नास अर्ज एकदम गेले तर त्यांची दखल घ्यावी लागते. एकट्याचा अर्ज खणात पडून राहतो. हे काम अंगावर घेण्यास जे वैद्यबंधू-भगिनी तयार असतील त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत, म्हणजे चालू वर्षीच्या आंतरवासितांपासूनच त्यास आरंभ करता येईल.